जुन्या घरात लादी बदलायला परवानगी लागते का?

मंडळी, फ्लोअरिंगच्या धंद्यात उतरणाऱ्यांचा हा हमखास प्रश्न. मुंबईपुरतं सांगतो, कारण नियम शहरागणिक बदलतात.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 मध्ये लादी बदलणं साध्या दुरुस्तीत धरलंय, त्याला पालिकेची परवानगी लागत नाही. (सोसायटीला कळवायचंच, ते वेगळं.) पण जुन्या इमारतीत लादीखाली कोबा आणि त्याखाली लाकडी फळ्या नि कड्या असतात. लादी उखडली की कुजलेली कडी दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, उघडलंच आहे तर तीही बदला ना!"

इथं हात थांबवायचा. कडी भार घेते. ती बदलणं किंवा जमिनीची पातळी खाली घेणं त्या सवलतीत बसत नाही. लायसन्सवाला स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, जागा उघडी असतानाच त्याला पाहू द्या, मग परवानगीचं बघा. उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचाही संबंध येतो.

तोवर कारागीर बसून, मजुरी चालू. ती कोणाच्या खिशातून? म्हणून कोटेशनमध्येच लिहा: "लादीखालचं लाकूडकाम दरात धरलेलं नाही. खराब निघाल्यास काम थांबेल, खाडे वेगळे आकारले जातील." त्यावर गिऱ्हाइकाची सही ॲडव्हान्स घेतानाच घ्या, लादी उखडल्यावर नाही.