झडपेचे ऑपरेशन यंत्रमानव करतो?

'डॉक्टर, छातीचे हाड न कापता झडपेचे ऑपरेशन होते म्हणे. यंत्रमानवच करतो म्हणे!' हृदयाची झडप खराब झाल्याचे कळलेल्या घरात हा प्रश्न हमखास निघतो.

यंत्रमानव स्वतःहून काहीही करत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सर्जन बाजूला बसून आतले मोठे केलेले चित्र पाहत बोटे हलवतो आणि छातीत घातलेली बारीक अवजारे तशीच हलतात. मायट्रल झडपेची अशी दुरुस्ती पॅरिसच्या डॉ. कार्पांतिए यांनी १९९८ मध्ये केली.

नेहमीच्या पद्धतीत छातीचे मधले हाड उभे कापतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर भरलेली कळशी उचलायची नाही, स्कूटर चालवायची नाही. नव्या पद्धतीत उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधून दोन-अडीच इंचांची चीर पुरते. माणूस लवकर कामाला लागतो. रोबोट वापरला तर खर्च मात्र वाढतो. शिवाय चीर लहान म्हणून ऑपरेशन लहान, असे समजू नये. हृदय थांबवावेच लागते. तेवढा वेळ रक्त फिरवणाऱ्या यंत्राच्या नळ्या बहुधा जांघेतून घालतात. तेथील रक्तवाहिन्या खराब असतील किंवा बायपासही करायचा असेल, तर जुनी पद्धतच बरी.

आपल्याकडे तरुण वयात झडप बिघडते ती बहुधा लहानपणी घसा सुजल्यानंतर आलेल्या संधिज्वरामुळे. झडपेची पाने जाड होऊन एकमेकांना चिकटतात. ती फार कडक झालेली नसतील आणि झडप गळत नसेल, तर जांघेतून फुगा नेऊन ती मोकळी करता येते. जपानच्या डॉ. इनोऊ यांचा हा फुगा १९८० च्या दशकातला. तो आपल्याला चालेल का, हे आधी विचारावे, रोबोटचे नंतर.

झडप बदलावीच लागली, तर यांत्रिक झडप पुष्कळ वर्षे टिकते. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची झडप १९९० मध्ये प्रथम बसवली गेली. पण यांत्रिक झडपेला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गर्भाला अपाय करू शकते. लेकीला किंवा सुनेला पुढे मूल हवे असेल, तर ते ऑपरेशनपूर्वीच सांगा. अशा वेळी जनावराच्या ऊतीपासून केलेल्या झडपेचा विचार होतो, जरी ती तरुणपणी लवकर झिजते. गोळीचा डोस आयएनआर या रक्ततपासणीवर ठरतो. ती तपासणी आपल्या तालुक्यात कुठे होते, हे घरी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.