विश्लेषण : गाणे तेच, गायिकाही तीच, मग रेकॉर्डिंग वेगळे का? पॅट्सी क्लाइनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मागचे करारकारण

‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे गाजलेली गाणी एकत्र करून काढलेला अल्बम, असा सर्वसाधारण समज. पण त्यात कोणते गाणे जाणार आणि त्याचे नेमके कोणते रेकॉर्डिंग जाणार, हे लोकप्रियतेइतकेच मालकी हक्कावरही ठरते. अमेरिकी कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन हिचा ‘पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स’ हा अल्बम त्याचे ठळक उदाहरण. तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९६७ मध्ये तो बाजारात आला. गाणी अवघी १२. तरीही अमेरिकेतील रेकॉर्डिंग उद्योगाच्या ‘आरआयएए’ या संघटनेने त्याला एक कोटी प्रतींसाठीचे ‘डायमंड’ प्रमाणपत्र दिले आहे. या अल्बममागची गोष्ट काय, याविषयी…

पॅट्सी क्लाइन कोण होती?

पॅट्सीचा जन्म ८ सप्टेंबर १९३२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शाळा सोडून तिने औषधांच्या दुकानातील काउंटरवर काम केले आणि रात्री ती स्थानिक कार्यक्रमांत गायची. जानेवारी १९५७ मध्ये ‘आर्थर गॉडफ्रेज टॅलेंट स्काउट्स’ या टीव्ही कार्यक्रमात तिने ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ गायले आणि ती देशभर पोहोचली. ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीतील कॅम्डेनजवळ विमान अपघातात तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती अवघी ३० वर्षांची होती. १९७३ मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळवणारी ती पहिली एकल गायिका ठरली.

पहिला करार अडचणीचा का ठरला?

१९५४ मध्ये पॅट्सीने ‘फोर स्टार’ या छोट्या कंपनीशी करार केला. त्यातील दोन अटी जाचक होत्या. एक म्हणजे रॉयल्टी अडीच टक्क्यांहूनही कमी होती. दुसरी अधिक नुकसानकारक होती. फोर स्टारकडे प्रकाशन हक्क असलेली किंवा कंपनीने मंजूर केलेली गाणीच तिने गायची. त्यामुळे चांगले गीतकार आणि चांगली गाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. या कराराच्या काळात तिने सुमारे ५० गाणी रेकॉर्ड केली. त्यातील ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ हे एकच मोठे हिट ठरले. गाणे देशभर वाजत होते, पण त्याच्या मूळ रेकॉर्डिंगची म्हणजे ‘मास्टर’ची मालकी फोर स्टारकडे होती.

१९६० नंतर काय बदलले?

फोर स्टारचा करार संपला आणि पॅट्सी थेट ‘डेक्का’ या मोठ्या कंपनीकडे गेली. निर्माता तोच होता, ओवेन ब्रॅडली. आता मात्र कोणाचेही गाणे निवडण्याची मुभा मिळाली. ‘आय फॉल टू पीसेस’ १९६१ मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी जूनमध्ये मोटार अपघातात ती गंभीर जखमी झाली. दोनच महिन्यांनी ती ‘क्रेझी’च्या रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओत आली. बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे सूर लागेनात. मग वाद्यांचा भाग आधी रेकॉर्ड झाला आणि तिने आवाज नंतर येऊन दिला. हे गाणे लिहिणारा विली नेल्सन तेव्हा नॅशव्हिलमध्ये धडपडणारा गीतकार होता. जुन्या करारात हे गाणे तिच्या वाट्याला येणे अवघड होते.

अल्बममधील गाणी काय सांगतात?

१२ पैकी ११ गाणी तिने पहिल्यांदा गायली ती डेक्काच्या काळातच. नोव्हेंबर १९६० ते फेब्रुवारी १९६३ म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षे. ‘स्वीट ड्रीम्स’ आणि ‘फेडेड लव्ह’ तर तिच्या मृत्यूच्या महिनाभर आधीची. उरलेले बारावे गाणे ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. मात्र या अल्बममध्ये आहे ते १९५७ मध्ये गाजलेले रेकॉर्डिंग नव्हे. पॅट्सीने १९६१ मध्ये डेक्कासाठी तेच गाणे पुन्हा गायले होते; ते येथे घेतले आहे. जुन्यात स्टील गिटार ठळक ऐकू येते, तर नव्यात ‘द जॉर्डनेअर्स’ या गटाची साथ आहे. म्हणजे ज्या रेकॉर्डिंगने तिला नाव मिळवून दिले, तेच तिच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये नाही.

एका गाण्याचे दोन मालक कसे?

कायद्याच्या दृष्टीने गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क एक. स्टुडिओत झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. ‘क्रेझी’ कोणीही गायले तरी शब्द आणि चालीचा मोबदला गीताच्या हक्कदारांना मिळतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र बहुतेक वेळा कंपनीकडे असतो आणि गायकाला करारात ठरेल तेवढाच वाटा मिळतो.

या हक्कांची मुदतही देशानुसार बदलते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६१ मधील रेकॉर्डिंगची मुदत येथे २०२१ अखेर संपली. गीताचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो. अमेरिकेत १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ च्या मध्यापर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे.

मृत्यूनंतर खप का वाढत गेला?

१९८० मध्ये लॉरेटा लिन या गायिकेच्या जीवनावरील ‘कोल मायनर्स डॉटर’ या चित्रपटात पॅट्सीची व्यक्तिरेखा होती. १९८५ मध्ये पॅट्सीवरच ‘स्वीट ड्रीम्स’ आला. त्यात जेसिका लँगने भूमिका केली, पण गाण्यांना आवाज पॅट्सीच्याच रेकॉर्डिंगचा होता. चित्रपट पाहून दुकानात गेलेल्या नव्या पिढीला १२ गाण्यांचा हा एक अल्बम पुरेसा होता. दुसरीकडे फोर स्टारच्या काळातील रेकॉर्डिंगचे असंख्य स्वस्त संग्रह निघाले. त्यांच्यावरही ‘बेस्ट ऑफ’ असेच लिहिलेले असे. ‘क्रेझी’ ऐकायला मिळेल म्हणून असा संग्रह घेणाऱ्याच्या हाती भलतीच गाणी पडत.

आजही हा प्रश्न आहे का?

आहे. कंट्री संगीतातूनच पुढे आलेल्या टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये तिची जुनी कंपनी विकली गेल्याने दुसऱ्यांच्या हाती गेले. तिने २०२१ पासून जुने अल्बम ‘टेलर्स व्हर्जन’ नावाने पुन्हा रेकॉर्ड करून प्रसिद्ध केले. अखेर मे २०२५ मध्ये तिने मूळ मास्टर विकत घेतले. पॅट्सीला अशी ताकद कधीच मिळाली नाही. स्विफ्टने मात्र श्रोत्यांना कोणते रेकॉर्डिंग ऐकायचे हे उघडपणे सांगितले.

मोबाइलवर ऐकताना कसे ओळखावे?

संगीताच्या अ‍ॅपमध्ये अल्बमच्या तळाशी वर्तुळातील इंग्रजी ‘पी’ हे चिन्ह, वर्ष आणि कंपनीचे नाव दिसते. हे नाव ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराचे असते. डेक्काचा हा जुना साठा आता युनिव्हर्सल म्युझिककडे आहे. वर्षावर मात्र विसंबू नये, कारण अनेकदा ते पुनर्प्रकाशनाचे असते. पॅट्सीच्या बाबतीत सोपी खूण म्हणजे यादी. संग्रहात ‘क्रेझी’, ‘आय फॉल टू पीसेस’ आणि ‘शीज गॉट यू’ ही तिन्ही गाणी नसतील, तर ती बहुधा फोर स्टारच्या काळातील रेकॉर्डिंग आहेत, असे समजावे.