उसना तुलनागट आणि त्याची कसोटी

नव्या उपचाराची परीक्षा करताना काही रुग्णांना तुलनेसाठी त्या उपचारावाचून ठेवावे लागते. रुग्ण थोडे असले, अथवा असे ठेवणे मनाला जड वाटले, तर पूर्वीच्या नोंदींतील रुग्णांनाच तुलनागट मानण्याचा विचार साहजिकच पुढे येतो. यालाच बाह्य तुलनागट म्हणतात. परंतु कालच्या रुग्णांशी आजच्यांची तुलना कितपत न्याय्य असते?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेला नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. तो ३९ गावांत झाला. ४७ गावे तुलनेसाठी होती. प्रयोगाच्या गावांत १९९३-९५ मध्ये दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ वर आले. केवळ जुन्या आकड्यांशी ताडून पाहिले असते, तर मृत्यू कालौघात आपोआपच घटले असावेत, ही शंका उरली असती. परंतु तुलनेच्या गावांत ते प्रमाण सुमारे ५८ वरून ६० झाले. जुने आकडे येथे विश्वसनीय ठरले खरे. पण ते तसे आहेत हे कळले समकालीन गावांमुळेच.

हा प्रयोग अनुकूली पद्धतीचा नव्हता. अनुकूली चाचणीत हीच पडताळणी, अगोदर ठरविलेल्या नियमानुसार, चाचणी चालू असतानाच करता येते. समजा, जुन्या नोंदींत २०० रुग्ण आहेत. त्यांना निम्मे वजन दिले, तर ते १०० समकालीन रुग्णांइतके धरले जातात. मध्यंतरी लहानशा समकालीन गटाचा अनुभव या नोंदींशी जुळला, तर पुढील रुग्णांपैकी अधिकांना नवा उपचार देता येतो. न जुळल्यास नोंदींचे वजन घटते व समकालीन गट वाढवावा लागतो. मात्र लहान गटात विसंगती लपून राहू शकते. म्हणून निरुपयोगी उपचार गुणकारी ठरण्याचा धोका किती वाढतो, हे संगणकावर असंख्य काल्पनिक चाचण्या चालवून आधीच पाहावे लागते.

स्टुअर्ट पोकॉक यांनी १९७६ मध्येच उसन्या नोंदींसाठी कसोट्या मांडल्या होत्या : रोगाची व्याख्या, मोजणीची रीत, रुग्णांचे स्वरूप ही सारखी हवीत. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात उद्या अशी चाचणी योजिली, तर गडचिरोलीचे जुने आकडे या कसोटीस उतरणार नाहीत. त्या काळी तेथील बहुतेक बाळंतपणे घरीच होत. आज महाराष्ट्रात ती बहुतांशी रुग्णालयात होतात. ते आकडे तसेच वापरले, तर रुग्णालयामुळे वाचलेल्या बालकांचे श्रेय नव्या उपचारास जाईल, आणि निरुपयोगी उपचार गावोगाव पोहोचेल. तात्पर्य, उसन्या नोंदी समकालीन गट लहान करू शकतात. तो अजिबात वगळण्याची मुभा देत नाहीत.