बागेतील पिकअपची दुसरी बॅटरी : चार्जिंगची सुधारित पद्धत

मालगुंड, गणपतीपुळे परिसरातील अनेक आंबा-काजू बागा वस्तीपासून दूर, कातळावर आहेत. सर्वच बागांत वीज पोहोचलेली नाही. मोहोर येण्यापासून फळे उतरेपर्यंत फवारणी, राखण व काढणीसाठी बागेत मुक्काम करावा लागतो. अशा वेळी दिवे आणि फवारणी पंपांचे चार्जिंग पिकअपच्याच बॅटरीवर केल्यास, पहाटे क्रेट भरून तयार असलेली गाडी सुरूच न होण्याचा धोका असतो. यासाठी स्वतंत्र दुसरी बॅटरी बसवावी. मात्र ती रोज पूर्ण चार्ज होईल अशी व्यवस्था नसेल, तर हा खर्च वाया जातो.

रोजच्या गरजेचा हिशेब

९ वॅटचे दोन दिवे ५ तास लावल्यास ९० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १२ ॲम्पियर-तासाचे दोन पाठीवरचे पंप चार्ज करण्यास तूट धरून सुमारे ३५० आणि मोबाइलसाठी २० वॅट-तास लागतात. एकूण ४६० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ३८ ॲम्पियर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून १०० ॲम्पियर-तासाची बॅटरी घ्यावी.

आता जमेची बाजू पाहू. बागेतून घरापर्यंत २० मिनिटांच्या प्रवासात २० ॲम्पियरने चार्जिंग झाले, तरी जेमतेम ७ ॲम्पियर-तास जमा होतात. शिवाय बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास काही तास लागतात. बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहिली, की प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो व तिची क्षमता कायमची घटते.

सुधारणा कशी करावी?

१) जाड वायर वापरावी : पुढील बॅटरीपासून मागील बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर धरू. २.५ चौरस मि.मी. वायरमधून २० ॲम्पियर प्रवाह गेल्यास सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. १६ चौरस मि.मी. वायरमध्ये ही घट पाव व्होल्टहून कमी असते. दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा.

२) बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्यात : इंजिन बंद होताच दोन्ही बॅटऱ्यांचा संबंध तोडणारा रिले बसवावा. काही नव्या वाहनांत अल्टरनेटरचा व्होल्टेज गरजेनुसार कमी होतो. तेथे साध्या रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर वापरावा. लिथियम बॅटरी असल्यास त्या प्रकारास योग्य असा चार्जरच घ्यावा.

३) सौर पॅनेलची जोड द्यावी : २०० वॅटच्या पॅनेलपासून, ४ तासांचे पूर्ण ऊन धरल्यास, तूट वजा जाता सुमारे ५६० वॅट-तास मिळतात. प्रवासातील चार्जिंगसह रोजचा खर्च यात भरून निघतो. उन्हाने दिवसभर सावकाश चार्जिंग होत असल्याने शेवटचा हिस्साही भरतो. पॅनेल व बॅटरी यांमध्ये चार्ज कंट्रोलर आवश्यक आहे. गाडी आंब्याच्या सावलीत उभी करू नये. पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी उत्पादन बरेच घटते.

घ्यावयाची काळजी

बॅटरी हवेशीर पेटीत घट्ट बांधावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी पेटवू नये. खाऱ्या हवेने टोके गंजतात. ती स्वच्छ करून पेट्रोलियम जेली लावावी. साध्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. वापर व चार्जिंग थांबवून काही तासांनी मीटरने व्होल्टेज पाहावा : सुमारे १२.७ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून घरी ठेवावी आणि पावसाळ्यात दर महिन्यास पुन्हा चार्ज करावी.

थोडक्यात, मोठी बॅटरी घेण्याआधी रोजचा खर्च व जमा कागदावर मांडावी. जमा कमी असेल, तर बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ऐन फवारणीच्या वेळी पंप रिकामाच राहील.