पुढची बोट किती वाजता?

आयलंड हॉपिंग म्हटलं की डोळ्यांसमोर ग्रीस नाहीतर थायलंड येतं ना? बाइकची टाकी फुल्ल करा, बाइक बोटीत चढवा आणि कोकण गाठा. दोघांच्या बजेटमध्ये बसणारी, सहा दिवसांची ही भन्नाट ट्रिप!

आमच्या फ्रीजवर सँटोरिनीचा एक मॅग्नेट आहे. मैत्रिणीने हनिमूनहून आणलेला. निळा घुमट, पांढऱ्या भिंती आणि खाली निळंशार पाणी. गेली दोन वर्षं दूध काढताना रोज तो दिसतो आणि रोज आम्ही दोघं म्हणतो, "एकदा जायचंच हं!" मग मी पंचवटी एक्स्प्रेस पकडायला पळते आणि नवरा नाशिकला, कंपनीच्या शिफ्टला.

आमचं घर इगतपुरीत. म्हणजे त्याचं नाशिक एका बाजूला आणि माझी मुंबई दुसऱ्या. त्याच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलणार, माझ्या डेडलाइन्स दर दिवसाला. इगतपुरी तसंही वेळापत्रकावर चालणारं गाव. कसारा घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची बँकर इंजिनं इथे काढतात, त्यामुळे भल्याभल्या गाड्या इथे थांबतात. थांबत नव्हतो ते आम्हीच दोघं.

या फेब्रुवारीत दोघांच्या सुट्ट्या एकदाच्या जुळल्या. बुधवार ते सोमवार. ग्रीसच्या तिकिटांचे आकडे बघितले आणि लॅपटॉप बंद केला. मग नवऱ्याने मोबाइलवर कोकणचा नकाशा उघडला आणि बोट फिरवत म्हणाला, "अगं, बेटं तर आपल्याकडेही आहेत. आणि मध्ये बोटीपण आहेत की!"

खरंच होत्या. भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे अशा बाइक चढवता येणाऱ्या चार बोटी. आणि त्यांच्या अधेमधे कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग हे चार जलदुर्ग. म्हणजे चार बेटंच! बॅगा भरल्या.

बाइकसकट समुद्रात

समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई, त्यामुळे आपला जुना कसारा घाटच बरा. पहाटे साडेचारला निघालो तेव्हा दोघंही स्वेटरवर जॅकेट घालून कुडकुडत होतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. साडेतीन तासांत भाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा जॅकेट आणि स्वेटर दोन्ही बॅगेत गेले होते.

मांडव्याची रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. बोटीचा जबडा उघडतो, कार, बाइक सगळं पोटात जातं आणि आपण वरच्या डेकवर चहा प्यायचा. पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवण्यापेक्षा हा तासाभराचा प्रवास म्हणजे निव्वळ सुख. आणि गंमत ऐका, या सेवेतली २०२० साली आलेली पहिली बोट चक्क ग्रीसमध्ये बांधलेली आहे! "घे, झालं तुझं ग्रीस," इति नवरा.

मांडव्याहून अलिबागला जाताना थळला वाट वाकडी करा. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही जोडगोळी दिसते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. तो बांधू नये म्हणून मुंबईचे इंग्रज लढले, आणि पाठोपाठ सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तटबंदी उभारली. एका बेटावरून दुसऱ्यावर डोळा! खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांमध्ये आहेत.

अलिबागचा कुलाबा मात्र चालत गाठायचं बेट. ओहोटीला समुद्र बाजूला होतो आणि ओल्या वाळूतून, घोट्याएवढ्या पाण्यातून तुम्ही थेट दरवाजात. पौर्णिमेला दोन-तीन दिवस होते, त्यामुळे पूर्ण ओहोटी दुपारी चारच्या पुढे. आम्ही दोन वाजल्यापासून किनाऱ्यावर घड्याळ बघत बसलो. शेजारचा शहाळेवाला म्हणाला, "ताई, घड्याळात काय बघताय? पाण्याकडे बघा." दोन तासांत आम्ही पाच वेळा मोबाइल तपासला. सवय, दुसरं काय!

किल्ल्यात गणपतीचं सुंदर देऊळ आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. तटावर बसलो, पाय खाली सोडले आणि भरती सुरू व्हायच्या आत परत.

जंजिऱ्यावर फुटला बॉम्ब

दुसऱ्या दिवशी रेवदंडा, काशिद करत मुरुड. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जायचं. इंजिनाची घरघर नाही, नुसता वारा. जंजिऱ्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही. होडी अगदी तटाला भिडली की दोन बुरुजांमधून तो अचानक समोर येतो. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना शेवटपर्यंत घेता आला नाही. जंजिरा संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये. आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आणि तटावर कलालबांगडी नावाची अजस्र तोफ.

ती तोफ उडाली नाही, पण दुसरा बॉम्ब फुटला. होडी तटाजवळ पोचत असताना नवऱ्याचा फोन वाजला. "हो मॅडम, सोमवारपर्यंत नक्की कळवतो. चेन्नईला जॉइनिंग..." माझ्याकडे बघून त्याने फोन कट केला.

"कसलं जॉइनिंग?"

"अगं, एक ऑफर आलीय. सांगणारच होतो."

"कधी आली?"

"झाले बारा दिवस. वेळच मिळाला नाही."

बारा दिवस! एका घरात राहतो आम्ही. होडीतली पंचवीस-तीस माणसं समुद्र सोडून आमच्याकडे बघायला लागली. शेवटी म्हातारा नाखवा हात पुढे करत म्हणाला, "ताई, आधी पाय पायरीवर टाका. भांडण वर जाऊन करा." सगळी होडी हसली. आम्ही दोघं सोडून.

जंजिरा मी एकटीने बघितला. तो माझ्या दहा पावलं मागे होता.

दगड गेले, चुना राहिला

मुरुडच्या समोर, जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी पद्मदुर्ग बांधला. इथे नियमित बोट नसते. कोळीवाड्यात विचारून, परवानगीची चौकशी करून होडी ठरवावी लागते. ती आधीच ठरवली होती, नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलेच नसते.

पद्मदुर्गाचा तट बघाच. समुद्राच्या वाऱ्याने आणि पाण्याने दगड झिजून आत गेलेत. पण त्यांच्यामधला चुना जसाच्या तसा उभा आहे, मधाच्या पोळ्याच्या चौकटी असाव्यात तसा. तीनशेहून जास्त वर्षं! होडीवाल्या काकांनी लाय पाटलांची गोष्टही सांगितली. जंजिऱ्याला शिड्या लावायचं धाडस करणारे हे सोनकोळी. महाराजांनी त्यांना पालखीचा मान दिला, तर ते म्हणाले, आम्ही दर्यावर फिरणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी 'पालखी' नावाचं गलबत बांधून दिलं.

नवरा चुन्याच्या चौकटीवरून हात फिरवत म्हणाला, "सॉरी." मी काही बोलले नाही. पण परतताना होडीत त्याच्या शेजारी बसले.

शेवटची बोट चुकली!

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीला इथले लोक 'जंगलजेटी' म्हणतात. सपाट तळाची, पुढची फळी खाली टाकायची की झाला पूल. ट्रक, रिक्षा, टोपलीवाल्या मावश्या, शाळेची पोरं, सगळे एकत्र. पलीकडे दिवेआगर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धन. हा रस्ता इतका देखणा आहे की आम्ही दर दहा मिनिटांनी थांबलो. परिणाम काय? बागमांडल्याला पोचलो तेव्हा शेवटची बोट निम्म्या खाडीत होती. तिचे दिवे लांब जाताना दिसत होते.

"पुढची बोट किती वाजता?" मी टपरीवाल्या दादांना विचारलं.

"उद्या सकाळी."

रेंज नाही, बोट नाही आणि कुठे जायची घाई नाही. दादांनी दोन कटिंग दिले. धक्क्याच्या कडेला आम्ही तासभर बसलो. एकमेकांशेजारी, हातात काही नसताना तासभर बसायला किती महिने झाले होते, दोघांनाही आठवेना.

मग तो बोलला. "मी सांगितलं असतं ना, तर तू लॅपटॉपमधून मान वर न करता 'जा की, मस्तंय' म्हणाली असतीस. तेच नको होतं मला."

हे लागलं, कारण खरं होतं. मग मीही माझं गाठोडं सोडलं. गेल्या सहा महिन्यांत माझी तीन कामांची पेमेण्ट्स अडकली होती, आणि फ्लॅटच्या हप्त्यातला माझा वाटा मी एफडी मोडून भरत होते. हे त्याला माहीत नव्हतं. तो बारा दिवस लपवत होता, मी सहा महिने!

तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प बसलो. काय पण आयडिया!"

रात्री हरिहरेश्वरला मागे फिरलो. एका घरगुती खानावळीतल्या काकूंनी उशीर झाला असूनही आमटी-भात वाढला, वर उकडीचा मोदक. "बोट चुकली ना? चुकतेच सगळ्यांची," त्या म्हणाल्या.

सावित्री ओलांडून

चौथ्या दिवशी पहिली बोट पकडली. सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. वेश्वीहून केळशी, आंजर्ले करत हर्णै. सुवर्णदुर्गाला हर्णै बंदरातून होडी मिळते. कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द बहरली ती याच किल्ल्यावरून, आणि १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रज कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव चुकवू नका. वाळूवर टोपल्यांच्या राशी, बैलगाड्या, आणि बोली इतकी फास्ट की आमच्यासारख्यांना आकडाही कळत नाही.

पाचव्या दिवशी दाभोळ-धोपावे. कोकणातल्या खाड्यांवर कार आणि बाइक नेणाऱ्या आजच्या फेरीबोटींची सुरुवात इथूनच झाली, २००३ मध्ये. वाशिष्ठीच्या मधोमध, बाइकवर बसूनच आम्ही मेल टाइप केला. मोबाइल त्याच्या हातात, स्पेलिंग माझी. ऑफर घ्यायची, पण एका वर्षासाठी, आणि जॉइनिंग जूनमध्ये. मी इगतपुरीतच राहून काम करणार, महिन्यातला एक आठवडा चेन्नईत. हप्त्याचा हिशेब यापुढे एकाच वहीत. मेल गुहागरला रेंज आल्यावर गेला.

कठीण जाणार आहे, माहीत आहे. पण निदान हा निर्णय दोघांनी एका बोटीत बसून घेतला.

रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलेलं आहे. गावांना पूल हवेच आहेत. रात्री पेशंटला दवाखान्यात न्यायचं तर शेवटची बोट चुकून चालत नाही. पण आपल्यासारख्यांनी एकदा तरी पुलाआधी जाऊन यावं. समुद्र आपल्याला थांबवतो, आणि थांबलं की माणूस बोलतो.

सोमवारी रात्री उशिरा, अंग मोडलेल्या अवस्थेत घरी पोचलो. सासूबाईंनी दार उघडलं. "काय रे, बोट नाही ना लागली कोणाला?"

"लागली ना आई," नवरा म्हणाला. "शेवटची तेवढी नाही लागली." त्यांना काही कळलं नाही. आम्ही दोघं हसत सुटलो.

फ्रीजवर सँटोरिनीच्या शेजारी आता जंगलजेटीचं तिकीट लावलंय.

तुम्ही निघताय? हे लक्षात ठेवा

• सीझन: दिवाळीनंतर ते मे. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद असतात.

• भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कुलाब्याला जायच्या आदल्या दिवशी स्थानिकांना विचारा आणि पाणी चढायच्या आत परत या.

• प्रत्येक धक्क्यावर पोचल्या पोचल्या पहिला प्रश्न: शेवटची बोट किती वाजता?

• रोख पैसे ठेवा. रेंज गेली की मोबाइलवरून पेमेण्टही होत नाही.

• होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या. शेवाळलेल्या पायऱ्यांसाठी ग्रिपवाले सँडल हवेत, हिल्स नकोत!

• किल्ल्यांवर सावली कमी. पाणी आणि टोपी न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा.

• खर्च: पेट्रोल, बोटी, पाच रात्रींचा मुक्काम आणि भरपूर मासे धरून आमचे दोघांचे २२ हजारांच्या आसपास गेले.

• आणि हो, घरात काही सांगायचं राहिलं असेल, तर निघायच्या आधी सांगा. नाहीतर शिडाच्या होडीत सगळे ऐकतात!