जुनी जावा-येझदी, बेताचा खर्च

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील येझदी १९९६ पर्यंत बनत होती. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून गंजून पडलेली गाडीही कमी पैशांत उभी राहते. आधी आरसीवरचे इंजिन-चेसिस क्रमांक जुळवावेत. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या गाडीची नोंद नागपूर ग्रामीण आरटीओच्या एमएच ४० मध्ये होते. पिस्टन जाम असेल तर किक मारू नये, प्लगच्या भोकातून तेल सोडून थांबावे. टाकी, कार्ब्युरेटर, पॉइंट्स घरीच साफ होतात. क्रँकचे ऑइल सील मात्र बदलावेतच. तिथून हवा शिरली की पिस्टन जळतो आणि वाचवलेले पैसे दुप्पट जातात. क्रोम, रंग शेवटी. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते. जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका, शुल्क २०,००० रुपये.