कर्जदाराच्या बाजूचा वकील

घोटी ही भाताची बाजारपेठ. इगतपुरी तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवरचा भात इथल्या गिरण्यांत येतो, आणि पैशाची देवघेवही इथेच होते. सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेचं कर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, सावकाराची उचल आणि अलीकडे घरोघरी बाईच्या नावावर असलेलं गटाचं कर्ज. हप्ते थकले की नोटीस येते आणि ती वाचून दाखवायला शिकलेला पोरगा शोधावा लागतो. वकील गाठणं तर फार पुढची गोष्ट.

तो वकील कायद्याने मात्र देऊ केलेला आहे. इगतपुरीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तालुक्यातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. यामागचा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. त्याचं बारावं कलम या तालुक्याने पाठच करावं. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न विचारता. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्तीच्या या मुलखात म्हणजे निम्म्याहून अधिक घरांचं दार या एका कलमाने उघडतं. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण तिथेही स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं.

वकील मिळाल्याने काय फरक पडतो, ते गटाच्या कर्जात लगेच दिसतं. हप्त्याच्या दिवशी ओट्यावर बायका जमतात. एकीचे पैसे कमी पडले की बाकीच्याही अडकून बसतात आणि वसुलीवाला दिवेलागणीनंतरही हलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूक्ष्म कर्ज निर्देशांनुसार सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, आणि घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्या बाईला हे कोणी सांगितलेलं नसतं. वकिलाने कर्जाचं कार्ड मागवावं, खाते उतारा काढावा, जुनं कर्ज नव्यात कसं वळतं केलं ते पाहावं आणि दोन पत्रं लिहावीत. यात कुठेही खटला नाही.

सावकारीचं तसंच. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीतून खरेदीखत करून घेतलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देववू शकतात. चौकशीत पुरावा मांडावा लागतो, आणि समोरच्याकडे वकील असतो. सगळेच मार्ग बंद झाले तर 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. 500 रुपयांवर कर्ज असलेला माणूस त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरिबांना नवी सुरुवात देणारी प्रक्रिया लिहिलेली आहे, पण तो भाग अजून लागू केलेला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यावरच घोटीच्या कर्जदाराला भागवावं लागतं, हे मला फार लाजिरवाणं वाटतं.

मोफत वकिलावरचा पैसा कुठे जातो हाही प्रश्न आहे. बँका थकीत खाती राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात, दाखलपूर्व नोटीस येते, माणूस घाबरून जातो आणि दाखवतील तिथे सही करतो. विधी सेवा कायद्याच्या एकविसाव्या कलमाने लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. तडजोड ऐच्छिक आहे, नाही म्हणता येतं, शेतकऱ्याचं राहतं घर आणि अवजारं हुकूमनाम्याच्या जप्तीतूनही वगळलेली आहेत, हे सहीआधी सांगणारा माणूस शेजारी हवा. लोकअदालत चांगलीच आहे, फक्त तिच्यात बँकेचा अधिकारी तयारीने येतो आणि कर्जदार रिकाम्या हाताने. आपल्याकडे मोफत वकिलाची फी बहुतेक खटल्याच्या टप्प्यांवर ठरते. खटला होण्याआधीच्या, सहीच्या त्या तासाला फारसा पैसा नसतो.

कर्जदाराच्या बाजूने कागद तपासण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1875 साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचं काम त्याने न्यायालयावर सोपवलं.

तालुका समितीला स्वतंत्र तिजोरी नाही. तिचा खर्च जिल्हा विधी सहाय्य निधीतून, म्हणजे नाशिकहून, चालतो. त्या निधीत वरून येणारं अनुदान असतंच, पण विधी सेवा कायद्याच्या सतराव्या कलमाने राज्य प्राधिकरणाच्या पूर्वमंजुरीने कोणाही व्यक्तीची देणगी घेता येते. घोटीचे गिरणीवाले आणि आडते सप्त्याला, जत्रेला हात सैल सोडतात. जिल्हा प्राधिकरणाशी बोलून त्यांच्या देणगीतून बाजाराच्या दिवशी बाजारपेठेतच एक वकील आणि एक विधी स्वयंसेवक बसवता येईल. वेगळा कायदा करावा लागणार नाही. तोवर विधी सेवेचा 15100 हा मदत क्रमांक आहे. फोन करताना नोटीस, पासबुक आणि कर्जाचं कार्ड जवळ ठेवावं, आणि कोणत्याही कागदावर सही त्यानंतरच करावी.